एंजलची अंडी दर वेळी पांढरी का पडतात?

प्रश्न: नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. हॉलमधल्या अडीच फुटी टाकीत ‘जोडी’ म्हणून घेतलेले दोन एंजल मासे आहेत, आता दीड वर्षाचे झाले. दिवाळीपासून त्यांनी चार वेळा ॲमेझॉन स्वॉर्ड या पाणवनस्पतीच्या पानावर अंडी घातली. दोघंही आळीपाळीनं पानाला पोट घासत अंडी घालतात, दोघंही राखण करतात, पण दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडतात आणि मग बुरशी धरते. दुसऱ्या टाकीत गप्पी आहेत. पिल्लं फार झाली म्हणून दोन महिन्यांपूर्वी सगळे नर मैत्रिणीला देऊन टाकले, तरी पिल्लं येतच आहेत. गॅलरीतल्या टाकीत दोन वर्षांचे चार गोल्डफिश आहेत. या फेब्रुवारीत त्यांतल्या दोघांच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके आले. मासे नीट खातात, पोहतात, पण दुकानदारानं व्हाइट स्पॉटचं औषध आणि मीठ दिलं. चार दिवस घालतेय, ठिपके तसेच आहेत. शिवाय फायटरची मादी म्हणून आणलेला मासा नराशी इतका भांडला की दोघांचे पर फाटले. तिची शेपूट आखूड आहे, पण पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं तीही बांधते. नर-मादी ओळखायची नक्की खूण कोणती?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, आधी गोल्डफिशचं औषध आजच्या आज थांबवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

ते ठिपके म्हणजे आजार नाही. तुमचे ते दोन गोल्डफिश नर आहेत आणि विणीच्या हंगामात आले आहेत. पुण्यात जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, गॅलरीतलं पाणी चांगलंच गार होतं. फेब्रुवारीत ऊन वाढलं की तेच पाणी हळूहळू कोमट व्हायला लागतं. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा आहे. गारठ्यानंतर पाणी तापू लागलं की त्याचं शरीर विणीच्या तयारीला लागतं आणि नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक, टणक, पांढरे दाणे उठतात. छातीच्या परांचा पहिला, जाड काटा असतो ना, त्याच्या कडेवरही तसेच दाणे ओळीनं येतात. तिथे बॅटरीचा उजेड तिरका टाकून पाहा. कल्ला आणि छातीच्या पराचा काटा, या दोनच जागी, दोन्ही बाजूंना सारखे दाणे असतील तर तो जवळजवळ नक्की नरच.

व्हाइट स्पॉट वेगळा दिसतो. तो एका परजीवीमुळे होतो. अर्धा ते एक मिलीमीटरचे ठिपके अंगावर, शेपटीवर, परांवर कसेही विखुरलेले असतात आणि रोज वाढत जातात. मासा दगडाला, काचेला अंग घासतो, पर मिटून घेतो, कल्ले भराभर हलवतो. दोन-चार दिवसांत टाकीतल्या इतर माशांनाही तो लागतो. तुमच्या टाकीत चारपैकी दोनच मासे, तेही फक्त कल्ल्यांवर, आणि खाणंपिणं व्यवस्थित. औषधानं ठिपके जात नाहीत, कारण जायला तिथे परजीवीच नाही.

नसत्या आजाराचं औषध निरुपद्रवी नसतं. या औषधांत बहुधा मॅलाकाइट ग्रीन किंवा मेथिलीन ब्लू असतं. मेथिलीन ब्लू फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं, मग माशांच्या विष्ठेतून आलेला अमोनिया पाण्यात साठतो आणि मासे खरोखर आजारी पडतात. म्हणून आजपासून चार दिवस रोज पाव टाकी पाणी बदला. नळाचं पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून किंवा क्लोरीन काढणारं औषध घालूनच वापरा, आणि त्याचं तापमान टाकीतल्या पाण्याइतकंच असू द्या. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा, चौथ्या दिवशी काढून टाका. कार्बन औषध ओढून घेतो, मीठ ओढत नाही. मीठ फक्त पाणी बदलूनच कमी होतं. खाणं निम्म्यावर आणा, एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. औषधासोबत हीटर लावून पाणी तापवलं असेल तर तोही काढा, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि गोल्डफिशला तो भरपूर लागतो.

उरलेले दोन बिनठिपक्यांचे मासे माद्याच असतील असं मात्र धरून चालू नका. काही नरांना दाणे येतच नाहीत, काहींना इतके कमी येतात की दिसत नाहीत, आणि क्वचित एखाद्या मोठ्या मादीलाही दोन-चार येतात. त्यांच्यासाठी पोटाखालचं छिद्र पाहा. मासा तुमच्याकडे पाठ करून वर चढत असताना ते बरं दिसतं. मादीचं छिद्र थोडं रुंद आणि बाहेर फुगलेलं असतं, नराचं अरुंद आणि आत दबलेलं. गाभोळीनं भरलेली मादी वरून पाहिली तर एका बाजूला जास्त फुगलेली दिसते. मात्र पोट फुगून खवले उभे राहिले असतील तर ती गाभोळी नाही, जलोदर आहे, आणि त्या माशाला लगेच वेगळं काढायला हवं. येत्या काही दिवसांत पहाटे पहाटे दोन मासे तिसऱ्याच्या शेपटीमागे लागून त्याच्या पोटाला ढुशा देताना दिसले, तर तो तिसरा मासा बहुधा मादी.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सगळ्या माशांना लागू पडेल अशी एकच खूण नाही. पण कुठे पाहायचं हे मात्र ठरलेलं आहे. रंग, आकारमान आणि शेपटीची लांबी या तीन गोष्टींवर दुकानात सगळ्यांचा भर असतो आणि याच तीन सगळ्यांत जास्त फसवतात. रंग माणसानं निवडून वाढवलेला असतो, आकारमान खाण्यावर आणि वयावर अवलंबून असतं. बहुतेक माशांत पाहायची जागा पोटाखाली, गुदद्वार आणि त्याच्या मागचा एकटा पर यांच्या आसपास असते. त्या पराला आपण इथे गुदपर म्हणू. दुसरी अट वयाची. मासा वयात येण्याआधी कुणी छातीठोकपणे ‘हा नर’ म्हणत असेल तर तो अंदाज सांगतोय.

एंजल हे त्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण. तुमच्या पत्रातलं एक वाक्य निदानाला पुरेसं आहे: दोघंही पानाला पोट घासत अंडी घालतात. म्हणजे तुमच्याकडे दोन माद्या आहेत. एंजल माद्यांना नर मिळाला नाही की त्या आपापसात जोडी जमवतात, पान साफ करतात, अंडी घालतात, परांनी वारा घालतात, राखणही करतात. सगळं खऱ्या जोडीसारखंच होतं, फक्त अंडी फळत नाहीत. न फळलेलं अंडं एका दिवसात दुधी पांढरं होतं. बुरशी नंतर येते, ती मेलेल्या अंड्यावर वाढते. त्यामुळे बुरशीनाशक घालून ही अंडी वाचणार नाहीत. फळलेलं अंडं दुसऱ्या दिवशीही मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं राहतं, २७-२८ अंश तापमानाला साधारण ४८ ते ६० तासांत फुटतं आणि पानाला चिकटलेली शेपटी वळवळताना दिसते.

तरीही खात्री करून घ्या. अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी दोघांच्याही पोटाखाली, गुदपराच्या अगदी पुढे एक छोटी पांढरट नळी बाहेर येते. ती अंडी घालून झाल्यावर थोडाच काळ राहते, नंतर आत जाते. एंजलमध्ये नर-मादीची भरवशाची खूण हीच, आणि पाहायची वेळही तीच. नराची नळी बारीक, टोकदार आणि डोक्याच्या दिशेला झुकलेली असते. मादीची जाड, बोथट आणि शेपटीच्या दिशेला कललेली असते, कारण तिच्यातून मिलीमीटरहून थोडं मोठं अंडं बाहेर यायचं असतं. काच आतून-बाहेरून पुसा, हॉलमधला दिवा बंद करून टाकीचाच ठेवा, डोळे माशाच्या पातळीला आणा आणि मोबाइलवर फोटोऐवजी व्हिडिओ काढा. मासा वळतो त्या क्षणाचं चित्र थांबवून मोठं केलं की नळी नीट दिसते. अंडी घालतानाची चालही पाहा. मादी पानावर खालून वर सरकत एक ओळ चिकटवते, नर तिच्या मागोमाग त्याच ओळीवरून नळी टेकवत जातो आणि नवं अंडं एकही सोडत नाही. दोन माद्या असतील तर दोघींच्या मागे अंड्यांची ओळ उरते, आणि एका मादीच्या मानानं अंड्यांची संख्याही जवळजवळ दुप्पट दिसते.

कपाळाचा उंचवटा, अंगाची रुंदी, पोटाखालच्या लांब परांची ठेवण, पट्ट्यांची संख्या, यांवरून एंजल ओळखणारे लोक भेटतात. एकाच पोटची, एकत्र वाढलेली मोठी भावंडं शेजारी ठेवली तर त्यातून अंदाज बांधता येतो. दुकानातल्या टाकीत वेगवेगळ्या वयाचे मासे असतात, तिथे त्याला काही अर्थ नाही.

नळ्या पाहिल्यावर एक नर निघालाच, तर कारणं दुसरीकडे शोधावी लागतील. नव्या नराच्या पहिल्या दोन-तीन वेळा बरीच अंडी वाया जातात, तिथे थांबणं एवढाच उपाय. फिल्टरची धार थेट पानावर येत असेल तर नराचं वीर्य अंड्यापर्यंत पोहोचायच्या आत वाहून जातं. धार काचेकडे वळवा किंवा स्पंज फिल्टर लावा. तिसरं कारण पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार. पाणी फार जड असेल तर अंडी नीट फळत नाहीत. कोथरूडला महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी येत असेल तर ते मृदू आहे, ही शंका सोडून द्या. तुमच्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर मात्र जडपणा तपासायची पट्टी आणून एकदा पाहा. आपल्या काळ्या पाषाणातलं भूजल बऱ्याच ठिकाणी जड असतं.

दोन माद्या निघाल्या तर लगेच एक ‘नर’ आणून त्याच टाकीत सोडू नका. एक म्हणजे तो नर असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. दुसरं, जोडी जमलेले एंजल आपल्या टाकीत तिसऱ्याला टिकू देत नाहीत, कोपऱ्यात दाबून मारतात. खरा मार्ग आकड्यांचा आहे. नर आणि मादी सारख्या प्रमाणात जन्मतात असं धरलं, तर दोन पिल्लं घेतल्यावर त्यांत एक नर आणि एक मादी असण्याची शक्यता निम्मीच राहते. चार घेतली तर ८ पैकी ७, आणि सहा घेतली तर ३२ पैकी ३१. म्हणून एंजल नेहमी सहा घ्यावेत, रुपयाच्या नाण्याएवढ्या अंगाचे, शक्यतो दोन वेगळ्या दुकानांतून. ते साधारण ८ ते १० महिन्यांत वयात येतात आणि स्वतःच जोडी निवडतात. त्यासाठी चार फुटी, सुमारे २०० लिटरची, किमान ४५ सेंटीमीटर उंच टाकी लागते. जोडी जमली की उरलेल्यांना हलवावं लागतं, त्यांची सोय आधीच पाहून ठेवा. एवढी जागा नसेल तर दुसरा रस्ता महाग पण सरळ आहे: आधी पिल्लं निघालेली जोडी विकत घेणं. विकणारा ‘ब्रीडिंग पेअर’ म्हणतो तेवढ्यावर पैसे देऊ नका, फुटलेली अंडी किंवा पिल्लं दाखवायला सांगा. नुसती अंडी पुरावा होत नाहीत, तुमच्या दोन माद्याही अंडी घालतातच.

आणि पिल्लांचा हट्ट नसेल तर या दोघींना आहेत तशाच राहू द्या. वर्षानुवर्षं छान राहतील. पांढरी अंडी पानावरून पुसून काढा, पाणी बिघडणार नाही.

गप्पींचं कोडं सोपं आहे. गप्पीची मादी नराचं वीर्य शरीरात साठवून ठेवते आणि एका मिलनावर सहा महिने, कधी त्याहून जास्त काळ पिल्लं देत राहते. दर २५ ते ३० दिवसांनी एक वेत. नर जाऊन दोनच महिने झालेत, म्हणजे अजून काही वेत बाकी आहेत. शिवाय या दोन महिन्यांत जन्मलेल्या पिल्लांतले नर आता टाकीतच वयात येत असणार, आणि ते आईला किंवा बहिणीला वेगळं मानत नाहीत. तुम्ही नर दिलेत ते त्या दिवशी ओळखू येत होते तेवढेच.

म्हणून पिल्लं वेळेत वेगळी करायला शिकणं हाच इलाज. इथे खूण अगदी पक्की आहे, गुदपर. जन्मतः सगळ्यांचा गुदपर पंख्यासारखा, तिकोनी असतो. मादीचा तसाच राहतो. नराचा मात्र साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून अरुंद होऊ लागतो आणि शेवटी मागे वळलेली एक बारीक काडी उरते. त्या काडीनंच तो मिलन करतो. ती पूर्ण तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून चौथा आठवडा संपायच्या आत वाटणी झाली पाहिजे. पुण्यात एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी ३० अंशांवर जातं, तेव्हा पिल्लं झपाट्यानं वाढतात आणि तिसऱ्या आठवड्यापासूनच पाहायला लागावं लागतं. पाहायची रीत अशी: एकेक पिल्लू जाळीनं काचेच्या सपाट बाजूंच्या छोट्या डबीत घ्या, मागे उजेड ठेवा, बाजूनं भिंगातून पाहा. गुदपर तिकोनी असेल आणि त्याच्या वर पोटाच्या शेवटी गडद डाग दिसत असेल तर मादीच्या टाकीत. पर जरासाही निमुळता वाटला तर नराच्या टाकीत. शंका असेल तरी नराच्या टाकीतच टाका. नरांत चुकून गेलेली मादी आठवड्यानं ओळखून काढता येते, माद्यांत राहिलेला एक नर सगळ्यांना गाभण करून मोकळा होतो. दर आठवड्याला दोन्ही टाक्या पुन्हा तपासा.

तो गडद डाग मादीची खूण आहे, गाभण असल्याची नाही. गाभण नसलेल्या मादीलाही तो असतो, दिवस भरत आले की मोठा आणि काळपट होतो. फिक्या रंगाच्या काही जातींत तो केशरी दिसतो, काळ्या मॉलीत तर दिसतच नाही. तिथे फक्त पर पाहायचा. मॉली, प्लॅटी आणि स्वॉर्डटेल या तिन्हींना गुदपराचाच नियम लागू आहे. स्वॉर्डटेलबद्दल एक समज फार पसरलेला आहे, मादीचा नर होतो असा. होतं ते असं की काही नर खूप उशिरा वयात येतात. तोवर ते मोठे, भरलेल्या अंगाचे आणि नराच्या शेपटीला असते त्या तलवारीशिवाय असल्यामुळे मादीच वाटतात. एखाद्या म्हाताऱ्या मादीला तलवारीसारखी शेपूट फुटते, पण तिच्यापासून पिल्लं होत नाहीत.

तुम्हाला पिल्लंच नको असतील तर आमचा सल्ला उलटा आहे: माद्या द्या आणि नर ठेवा. रंग नरांचाच खुलून दिसतो आणि फक्त नर असले की संख्या वाढत नाही. दोन्ही ठेवायचे असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर नर तिला क्षणभर स्वस्थ बसू देत नाही. दुकानात एखाद्या टाकीत सगळेच मासे नरासारखे भडक दिसले, पण काहींचा गुदपर तिकोनी असला, तर ते घेऊ नका. माद्यांना नराचं संप्रेरक देऊन रंगवायचा प्रकार या धंद्यात चालतो, आणि अशा माद्या पुढे पिल्लं देतीलच असं नाही. फक्त शेपटीत रंग असलेली मादी मात्र निवडक जातीत नैसर्गिक असते.

जास्तीचे गप्पी मुठेत, पाषाण तलावात किंवा विहिरीत सोडू नका. डासांच्या अळ्या खातात म्हणून ते साठलेल्या पाण्यात सोडले जातात खरे, पण गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे आणि नदीत तो आपल्या देशी माशांचं अन्न आणि जागा बळकावतो. दुकानदार परत घेतो का विचारा, शेजारीपाजारी द्या.

फायटरचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. आखूड शेपटीचा, घरटं बांधणारा आणि नराशी फाटेपर्यंत भांडणारा तो मासा बहुधा प्लाकाट जातीचा नर आहे. या जातीत नराचीही शेपूट आखूडच असते. घरटं एकटं पुरेसं नाही, माद्याही कधीकधी बुडबुडे काढतात. पोटाखालचे दोन लांब पर आणि गुदपर यांच्या मधे पाहा. मादीला तिथे मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका असतो, तो तिचा अंडी घालायचा मार्ग. फार लहान नरालाही असा ठिपका दिसू शकतो, म्हणून चार महिन्यांच्या वरच्या माशातच त्यावर विश्वास ठेवा. मग समोर आरसा धरा. नर कल्ले फुलवतो तेव्हा खालून दाढीसारखा काळपट पडदा भरपूर बाहेर येतो, मादीचा असला तरी तोकडा असतो. आरसा दोन-तीन मिनिटांत काढून घ्या, जास्त वेळ धरला तर मासा थकून जातो. फिक्या रंगाची मादी असेल तर मागून बॅटरी धरल्यावर पोटाच्या मागे पिवळसर तिकोनी अंडाशयही दिसतं. दोघांना वेगळ्या, झाकण असलेल्या, किमान १०-१५ लिटरच्या टाक्यांत ठेवा. एकाच टाकीत पडदा घालणार असाल तर तो पारदर्शक नको. फाटलेले पर स्वच्छ, २६ ते २८ अंशांच्या पाण्यात आपोआप भरतात. आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदललंत तर औषध लागणार नाही.

बाकीच्या माशांपैकी काही अगदी सोपे आहेत. पर्ल आणि ब्लू गुरामीत पाठीवरचा पर नराचा लांब, टोकदार आणि मादीचा आखूड, गोल. रोझी बार्बचा नर लाल, मादी पितळी. टायगर बार्बमध्ये नराचं नाक लालभडक, मादी पोटानं गोल. झेब्रा आणि निऑन वरून पाहा, रुंद ती मादी, बारीक तो नर. कोरीडोरासचंही तसंच. ब्रिसलनोज प्लेकोच्या नराच्या कपाळावर मांसल मिशा फुटतात, मादीला ओठांच्या कडेला जेमतेम. क्रिबेन्सिस, कन्व्हिक्ट आणि रॅम यांच्यात रंगाचा नेहमीचा हिशेब उलटा आहे. पोटावर गुलाबी किंवा केशरी छटा असते ती मादी.

ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न बाहेरून ओळखता येत नाहीत. फ्लॉवरहॉर्नच्या कपाळाच्या टेंगळावरून तर मुळीच नाही, मादीलाही ते येतं. पाठीच्या परावरचा काळा डाग बऱ्याच माद्यांना असतो, पण तो नसला म्हणून नर ठरत नाही. त्यांची तपासणी हातात घेऊन करावी लागते. मासा १० सेंटीमीटरपेक्षा मोठा हवा, हात पूर्ण ओले, खाली ओला टॉवेल, आणि १५-२० सेकंदांत मासा परत पाण्यात. पोटाखाली दोन छिद्रं दिसतात. पुढचं गुदद्वार, त्यामागचं जननछिद्र. मागचं छिद्र पुढच्यापेक्षा मोठं आणि गोलसर असेल तर मादी, लहान आणि निमुळतं असेल तर नर. लवंगेच्या तेलानं गुंगी देऊन पाहा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, मात्रा थोडी चुकली की मासा उठत नाही. लाल पॅरट घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की तो संकरित मासा आहे आणि त्याचे नर बहुतांशी वांझ असतात. तिथे जोडी खरी असली तरी अंडी पांढरीच पडतात.

एंजल पुन्हा पान पुसायला लागले की तो व्हिडिओ काढा. नळ्या स्पष्ट दिसतील अशी दोन चित्रं पाठवलीत तर दोन माद्याच आहेत की एक अननुभवी नर, हे आम्ही नक्की सांगू शकू. तोवर नवा एंजल विकत घेऊ नका.